कड्याच्या नकाशावरून सिड मायर

अहिल्यानगरहून सुटलेली रेल्वे नारायणडोह, सोलापूरवाडी, धानोरा करत बीड जिल्ह्यातल्या कड्याला थांबते आणि पुढे आष्टीकडे जाते. हा टप्पा 23 सप्टेंबर 2022 रोजी सुरू झाला. अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995च्या सुमारास मंजूर झाला होता. बीडला गाडी पोचली ती 17 सप्टेंबर 2025ला, मराठवाडा मुक्तिदिनी. एका पिढीचं शिक्षण, लग्न आणि स्थलांतर एवढ्या काळात उरकलं.

हा मार्ग कागदावर येण्याआधीच, 1990 साली, सिड मायर यांचा ‘रेलरोड टायकून’ हा कॉम्प्युटर गेम बाजारात आला होता. त्यात खेळणाऱ्याच्या हाती थोडं भांडवल आणि मोकळा मुलूख असतो. रूळ टाकायचे, चढ आला की गाडी मंदावते हे ध्यानात ठेवायचं, डोंगराला वळसा घालायचा की बोगदा पाडायचा ते ठरवायचं. स्टेशन दोन घरं अलीकडे बांधलं तर टपाल आणि प्रवासी मिळतात, पलीकडे बांधलं तर कोळसा. पैसे संपले की कर्जरोखे काढायचे, मंदी आली की त्यांचं व्याज गळ्याशी येतं. कड्याच्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. रूळ कुठून जाणार, कुणाची जमीन जाणार, स्टेशन गावापासून किती लांब पडणार, ही चर्चा त्यानं वर्षानुवर्षं ऐकलेली आहे.

मायर यांचा जन्म 1954चा, कॅनडातल्या सार्निया गावचा. वाढले अमेरिकेत, डेट्रॉइटला. 1982 साली हवाई दलात वैमानिक राहिलेल्या बिल स्टीली यांच्यासोबत त्यांनी मेरीलँडमध्ये ‘मायक्रोप्रोज’ ही कंपनी काढली. सुरुवातीचे खेळ लढाऊ विमानांचे आणि पाणबुड्यांचे. 1987च्या ‘पायरेट्स!’पासून त्यांची वाट बदलली आणि 1991च्या ‘सिव्हिलायझेशन’नं त्यांना या कलेत अढळ स्थान मिळालं. चांगला खेळ म्हणजे रंजक निर्णयांची मालिका, असं ते मानतात. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचं मर्म यातच आहे.

आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावानं सांगितला जाणारा मोक्षपट आहे. त्यात कवड्या पडतील तसं चढायचं आणि उतरायचं. शिकवण मोठी, पण खेळणाऱ्याला ठरवायला काही नाही. बुद्धिबळात सगळंच ठरवायचं असतं, पण तिथं पाऊस पडत नाही आणि पीक येत नाही. मायर यांनी या दोन्हींच्या मधली जागा शोधली: जग आपल्या हाताबाहेरचं, पण पुढची चाल आपली.

‘सिव्हिलायझेशन’ची पहिली दहा मिनिटं पाहावीत. नकाशा काळा असतो. वसाहत करणारी एक टोळी आपल्या हाती असते. नदीकाठी गाव वसवलं की लवकरच प्रश्न येतो: आधी शिपाई, की धान्याचं कोठार? शिपाई केले तर गाव वाढत नाही. कोठार बांधलं तर राखणीला कुणी नाही. उत्तर ठरवेपर्यंत पुढचा प्रश्न तयार असतो, म्हणून ‘आणखी एकच डाव’ म्हणत माणूस पहाट करतो. मीही केली आहे. डोळे चुरचुरत असताना मन मात्र कालव्याच्या पुढच्या चौकोनात अडकलेलं असायचं.

मात्र खोक्यावर मायर यांचं नाव आहे म्हणून पुढचे सगळे भाग त्यांच्या खात्यावर टाकू नयेत. पहिल्या खेळात ब्रूस शेली त्यांच्या बरोबरीनं होते, आणि त्याआधी 1980 साली फ्रान्सिस ट्रेशम यांचा त्याच नावाचा बैठा खेळ येऊन गेला होता. 1996चा दुसरा भाग ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या हातचा, 2005चा चौथा सोरेन जॉन्सन यांचा, 2016चा सहावा एड बीच यांचा. मायर यांचं मोठेपण असं की त्यांनी घातलेल्या पायावर इतरांना बांधता आलं.

आता त्रुटी. पहिल्या खेळात दुष्काळ यायचा, पण कोठार बांधलं की टळायचा. नदी आटत नसे. नदीला लागून कालवा काढला की तो कायमचा. जमिनीवर दिसणारा, तापणाऱ्या हवामानाशी जोडलेला दुष्काळ ठळकपणे आला तो सहाव्या भागाच्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या 2019च्या पुरवणीत. आष्टी तालुक्यात बसून खेळणाऱ्याला ही उणीव पहिल्या दिवशीच दिसली असती. त्याहून मोठी उणीव माणसांची. तिथं लोकसंख्या म्हणजे शहरावरचा आकडा. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे जे हजारो कोयते, म्हणजे ऊसतोड जोड्या, साखर कारखान्यांकडे निघतात, त्यांना त्या नकाशात जागा नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची का, घेतली तर म्हाताऱ्यांजवळ मुलांना ठेवायचं की फडावर न्यायचं आणि शाळा बुडवायची: हे निर्णय कोणत्याही राजाच्या निर्णयाइतकेच गुंतागुंतीचे आहेत.

कांद्याचंच घ्या. कड्याच्या बाजारात कांदा आज विकायचा की चाळीत ठेवायचा? ठेवला तर वजन घटतं, काही सडतो, काहींना कोंब येतात. थांबलं तर भाव चढेल, किंवा दिल्लीहून आदेश येईल. ऑगस्ट 2023मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती उघडली मे 2024मध्ये. त्या हिवाळ्यात शेतात काढणीला आलेला कांदा धरून बसलेल्या शेतकऱ्याला चाल सुचवणारा एकही खेळ मला माहीत नाही. आणि मायर यांच्या व्याख्येत इतका चपखल बसणारा विषयही मला दुसरा दिसत नाही.

असा खेळ घडवू शकणाऱ्या हातांची कमतरता नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’नं 2020 साली ‘राजी’ हा देखणा खेळ जगभर नेला. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’चा ‘इंडस’ 2024मध्ये आला. एक मारामारीचा, दुसरा गोळीबाराचा. दोन्हींत कसब आहे, पण संथपणे विचार करायला लावणारा, राज्य किंवा शेत चालवायला देणारा मराठी मातीतला खेळ अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. गावांत ‘गेम’ म्हटलं की पुष्कळ घरांना पैसे लावायची रमी आणि त्यातून झालेलं कर्ज आठवतं. ऑगस्ट 2025च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्या बदनामीत ही कलाही भरडली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संगणक शिकणाऱ्या आष्टी-कड्याच्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: रोमचं साम्राज्य दुसऱ्यांनी पुष्कळदा उभं केलंय. तुम्ही एक कांदाचाळ घ्या, शंभर गोण्या, चार महिने आणि रोजचा भाव. पडद्यावर फक्त तीन बटणं ठेवा: विक, थांब, निवड करून अर्धा विक. मग तो खेळ आधी आपल्या वडिलांना खेळायला द्या आणि ते कुठे अडतात ते बघा.