सात रकाने आणि केळीची बाग

फेब्रुवारी २०१६ मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. महाराष्ट्रातील दहावीच्या मुलामुलींची पहिली कल चाचणी त्या महिन्यात झाली. आणि त्याच महिन्याच्या ११ तारखेला गुरुत्वीय लहरी सापडल्याचे लायगो वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत जाहीर केले. पुढे सहाच दिवसांत भारतातील लायगोला केंद्र सरकारची तत्त्वतः मंजुरी मिळाली. त्यासाठी नंतर जी जागा ठरली ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. या दोन गोष्टी शेजारी ठेवून त्या चाचणीकडे आम्ही पाहणार आहोत. चाचणी पुढची काही वर्षे चालली. पण तिच्यासारखी पत्रके आजही शिबिरांतून आणि मोबाइलवर मुलांच्या हाती पडत असतात, म्हणून हे परीक्षण शिळे झालेले नाही.

राज्य शिक्षण मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने ही चाचणी घेतली. मुलाची आवड सात क्षेत्रांत तपासली जाई: कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञाने, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. आधी जमेची बाजू. इतक्या मोठ्या प्रमाणावर, गावोगावच्या शाळांत, ‘तुला काय आवडते?’ असे मुलांना विचारले गेले, हीच गोष्ट नवी होती. तीत कोणी नापास होत नव्हते. डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्यापलीकडेही माणसे पोट भरतात, हे सरकारी शिक्क्याच्या कागदावर छापून घरी गेले, हेही काही कमी नाही.

आता ते सात रकाने पुन्हा वाचा. त्यांत भौतिकशास्त्र कुठे आहे? गणित? रसायनशास्त्र? मूलभूत विज्ञानाला स्वतंत्र रकानाच नाही. ज्याला आकाशातले काही पाहून झोप येत नाही, त्याने ‘तांत्रिक’मध्ये जायचे, आणि ज्याला मोटार खोलून पुन्हा जोडावीशी वाटते त्यानेही तिथेच जायचे. दोघांचीही कामे मोलाची आहेत. लायगोला दोघेही लागतील. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांच्या नळ्यांत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपायचा: अशा यंत्राला चोख वेल्डिंग करणारा जितका हवा तितकाच समीकरणे मांडणाराही. पण एकाला आयटीआयचा रस्ता दाखवायचा आणि दुसऱ्याला बी.एस्सी.चा. ‘तांत्रिक’ हा शब्द या दोन रस्त्यांच्या फाट्यावर गप्प राहतो.

समजा, कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याची एक मुलगी ही चाचणी देते आहे. तिच्या भोवती केळीच्या बागा आहेत. गावात तिने शेतकरी पाहिला, शिक्षक पाहिला, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुले पाहिली. संशोधक पाहिलेला नाही. जे पाहिलेच नाही त्याची आवड ती कशी सांगणार? आवडीची चाचणी मुलाचे मन मोजते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मुलाने आजवर काय काय पाहिले, तेही ती मोजत असते, आणि दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात देते. पुण्याच्या मुलाचे पत्रक आणि डोंगरकड्याच्या मुलीचे पत्रक म्हणूनच एका मापाने वाचता येत नाहीत. शिवाय सातांपैकी एक रकाना सर्वांत वर आला, यावरून तो इतर सहांपेक्षा वर आहे एवढेच कळते. तो मुळात किती उंच आहे हे त्यावरून कळत नाही.

व्यवसाय मार्गदर्शनाचे जनक मानले जाणारे फ्रँक पार्सन्स यांचे पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या: स्वतःची ओळख, कामांची ओळख आणि दोहोंचा नीट विचार. चाचणी पहिल्या पायरीशी थांबते. (दुसरी पायरी कागदावर भागत नाही, त्यासाठी हिंडावे लागते.) आमचा मुख्य आक्षेप चाचणीवर नाहीच. पहिल्या पायरीला जिना समजून पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी जो निकाल लावून टाकला, त्यावर तो आहे.

कारण त्यानंतर लगेच अकरावीचा अर्ज येतो. पत्रकात ‘आरोग्य’ वर आले म्हणून गणित सोडले, की दोन वर्षांनी अभियांत्रिकीच्या सीईटीचे दार बंद होते आणि पदवीला भौतिकशास्त्राची वाट अवघड होऊन बसते. नीटमध्ये गुण कमी पडल्यावर हे ध्यानात येते. पंधराव्या वर्षी एका खुणेने सोडलेला विषय अठराव्या वर्षी परत मिळवणे किती जड जाते, हे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

डोंगरकड्याच्या त्या मुलीला आम्ही आधी बागेतच नेऊ. पानावर करपा कसा पसरतो? हे बुरशीचे, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राचे काम. ऊतिसंवर्धनाची रोपे एकसारखी का निघतात? वनस्पतिशास्त्र. हिरवा घड बंद खोलीत एकदम कसा पिकतो? इथिलीन वायू, म्हणजे रसायनशास्त्र. ठिबकच्या शेवटच्या नळीला दाब का कमी पडतो? भौतिकशास्त्र. भाव एका आठवड्यात का कोसळतो? अर्थशास्त्र. चाचणीच्या लेखी ही सगळी बाग ‘कृषी’. यांतला कोणता प्रश्न तिला घरी गेल्यावरही सोडत नाही, ते पाहायचे. तो परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे नेईल किंवा नांदेडच्या एखाद्या विज्ञान महाविद्यालयाकडे, किंवा दोन्हीकडे नेणारही नाही. चाचणीच्या पत्रकाची मागची बाजू पाठकोरी असते. ते प्रश्न तिच्याच अक्षरात तिथे लिहून घ्यावेत आणि अकरावीचा अर्ज भरताना पत्रक त्या बाजूने समोर ठेवावे.