पोकेमॉनमधील वन्य जीवांचा कोप

मुलांच्या करमणुकीच्या चित्रमालिकांकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. ज्या कथा लक्षावधी मुलांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहतात त्यांना टीकेच्या कक्षेबाहेर ठेवणे आम्हास योग्य वाटत नाही. ‘पोकेमॉन’ ही जपानी चित्रमालिका १ एप्रिल १९९७ रोजी तेथील दूरचित्रवाणीवर सुरू झाली. आपल्याकडील मुलांनीही ती हिंदी भाषांतरातून आवडीने पाहिली. तिचा बालनायक सातोशी, आपल्या मुलांचा ऍश, २०२३ पर्यंत दहा वर्षांचाच राहून हिंडत होता. ही मालिका पाहणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींचा एक आक्षेप वारंवार कानी येतो. यातले रानातले जीव इतके खुनशी का? वाटसरू दिसला की चोच मारतात, मधमाश्यांसारखे थवेच्या थवे अंगावर धावून येतात. मुलांना हे काय शिकवायचे?

आक्षेप घेणाऱ्यांनी मालिकेचा पहिलाच भाग नीट पाहावा, अशी आमची विनंती आहे. ऍशला नुकताच पिकाचू मिळाला आहे आणि तो त्याचे काही ऐकत नाही. मदतीवाचून एखादा पक्षी धरावा म्हणून मुलगा चेंडू फेकतो, अंगातला सदरा टाकून पाहतो आणि काहीच साधत नाही. मग गवतात एक पाखरू दिसताच तो दगड उचलून मारतो. दगड लागतो तो स्पिअरोच्या डोक्यात. पुढचा सारा अनर्थ या एका दगडातून निघतो. जखमी पक्षी चवताळतो आणि पिकाचूवरही झडप घालतो. पिकाचू विजेचा झटका देऊन त्याला झिडकारतो, तेव्हा तो आपल्या थव्याला हाक घालतो. धावपळ, धबधब्यातली उडी, मिस्टीची उचललेली सायकल, वादळ आणि शेवटी घायाळ पिकाचूपुढे हात पसरून थव्याला सामोरा उभा राहिलेला मुलगा, ही साखळी इतकी घट्ट गुंफलेली आहे की तिच्यातला एकही दुवा काढता येत नाही. दिग्दर्शक कुनिहिको युयामा आणि प्रमुख लेखक ताकेशी शुदो यांना आपली कथा कोठून सुरू होते याचे पक्के भान होते. ती मुलाच्या हातून झालेल्या आगळिकीतून सुरू होते.

मौज अशी, की या स्पष्ट कारणावर मालिका स्वतःच पांघरूण घालू पाहते. दगड तर मी मारला, मग हा पिकाचूवर का धावतो, असे मुलगा विचारतो. हा प्रश्न मोठा मार्मिक आहे. खिशातला बोलता कोश त्यावर सांगतो की रानातल्या जीवांना माणसाने पाळलेल्या जीवांचा हेवा वाटतो. शिवाय स्पिअरोची जातच दुष्ट स्वभावाची. पक्ष्याचे जपानी नावही ‘राक्षसी चिमणी’ अशा अर्थाचे आहे. कोश जातीकडे बोट दाखवतो आणि चित्र दगडाकडे. आम्ही चित्रावर विश्वास ठेवतो. कोतवाल पक्षी घरट्याजवळ आलेल्या घारीला कसा पिटाळून लावतो, आणि एका कावळ्याला कोणी छेडले तर आळीतले सारे कावळे कसे गोळा होतात, हे आपल्यापैकी कोणी पाहिले नाही? त्यांना कोणी दुष्ट म्हणत नाही. हेव्याची गोष्ट मात्र अगदीच टाकाऊ नाही. पाळलेला जीव रानातल्याला माणसाच्या पक्षाचा वाटत असेल, तर दगडाचा सूड त्याच्यावर उगवणे हे अन्यायाचे असले तरी समजण्यासारखे आहे.

या कोपाचे दुसरे मूळ कथेबाहेर, खेळात आहे. मालिकेच्या आधी १९९६ मध्ये हा संगणकी खेळ निघाला. त्याचे कर्ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे धरून जमवीत, आणि नायकाचे जपानी नावही त्यांचेच आहे. या खेळात उंच गवतात पाऊल टाकले की कोणता तरी जीव समोर ठाकतो आणि झुंज जुंपते. त्याला दमवल्यावाचून तो सहसा हाती लागत नाही. खेळात याचे कारण कोणी विचारत नाही. पटावरची सोंगटी का चालते, असे कोण विचारतो? कथेला मात्र कारण लागते. खेळाने आयते दिलेले वैर अंगावर घेऊन मालिकेच्या लेखकांना भागागणिक त्याची कारणे शोधावी लागली. काही वेळा ती सापडली, काही वेळा नाही.

बीड्रिलच्या झुंडी हे सापडल्याचे उदाहरण. झाडांना लटकलेल्या कोशांतून पिल्ले बाहेर पडण्याच्या वेळी कोणी तेथे गडबड केली की त्या तुटून पडतात. जपानात मोठ्या गांधीलमाश्यांच्या दंशाने माणसे दगावतात, त्यामुळे तेथील मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडेही उत्सवाच्या दिवशी धुराने शिखरावरचे आग्या मोहोळ उठले, तर शहाणी माणसे माश्यांना शिव्या देत बसत नाहीत. उपरणे डोक्यावर घेऊन आडोसा गाठतात.

आमच्या मते मालिकेचा खरा कस लागतो तो टेंटाक्रुएलच्या भागात. एका बंदरावर हॉटेल बांधण्यासाठी एक धनाढ्य बाई समुद्रातली प्रवाळांची वस्ती उद्ध्वस्त करते. समुद्रजीव बांधकामावर चाल करतात, तेव्हा ती त्यांना मारणाऱ्याला इनाम लावते. अखेर एक अवाढव्य टेंटाक्रुएल नगरावर चालून येतो. येथे जीव स्वतः, एका बोलक्या मांजराच्या तोंडून, आपली फिर्याद मांडतो. कालियाची आठवण येथे सहज होते. भागवतातला कालिया म्हणतो की आम्ही जन्मानेच तामस, दीर्घद्वेषी. स्वभाव कसा सोडावा? पण तोच पुराणकार सांगतो की गरुडाच्या भयाने तो यमुनेच्या डोहात दडला होता. भगवंत त्याला मारीत नाहीत, रमणक द्वीपाकडे परत धाडतात. जपानी कथाकाराने भागवत वाचले असेल असे आम्ही सुचवीत नाही. स्वभाव आणि प्रसंग यांची गाठ दोन्हीकडे एकाच जागी पडली आहे, एवढेच. फरक असा, की कालियाला जावे लागते आणि टेंटाक्रुएल जाताना माणसांनाच ताकीद देऊन जातो.

डिगलेटचा भाग याहून सौम्य आणि कदाचित अधिक सुंदर आहे. धरणाखाली बुडणारे रान राखण्यासाठी जमिनीतले हे चिमुकले जीव काम उलथून टाकतात. त्यांना हुसकावायला बोलावलेल्या शिकाऱ्यांचे पाळीव जीव चेंडूंतून बाहेर यायलाच नकार देतात. पहिल्या भागातल्या हेव्याच्या सिद्धांताला याहून चांगले उत्तर नाही. पाळलेले आणि रानातले येथे एका बाजूला उभे राहतात.

सारे भाग या योग्यतेचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. नायकांना पळायला लावायचे म्हणून कोठून तरी अस्वल सोडायचे, ही युक्ती पुढे इतकी वापरली गेली की तिच्यात ना भय उरले ना अर्थ. तेथे वडीलधाऱ्यांचा आक्षेप आम्हास मान्य आहे. लाथाडलेला मासा समुद्रात पडताच गायरडॉस होऊन उलटतो, त्यात निदान न्याय तरी आहे.

सर्वांत खटकते ती स्पिअरोचीच पुढची कथा. बऱ्याच भागांनंतर तोच पक्षी फिअरो होऊन, आपला थवा घेऊन, दुबळ्या पिजींना छळताना दिसतो. ऍशचा पक्षी रूप पालटून त्याला हरवतो आणि कळपाचा रक्षक म्हणून मागे राहतो. निरोपाचा प्रसंग हृद्य आहे, मुलांचे डोळे भरून येतात. पण पहिल्या भागातला तो दगड अजून तेथेच पडला आहे आणि त्याच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही.