ओझे कोणाचे, विसावा कोणाचा?

मराठी समीक्षेला लक्ष्मीबाई टिळक फार आवडतात. त्यांचा विनोद, त्यांची घरगुती भाषा, टिळकांशी झालेले त्यांचे खटके यांवर पानेच्या पाने लिहिली गेली. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागले आणि तेव्हापासून हे कौतुक चालू आहे. पण या पुस्तकाच्या मुळाशी असलेला प्रश्न प्रस्थापित समीक्षेने अलगद बाजूला ठेवला. माणूस ख्रिस्ती होतो तेव्हा तो नेमके कोणते ओझे खाली ठेवतो? मी नगर जिल्ह्यातल्या महार ख्रिस्त्याच्या घरात वाढलो. मला हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही.

‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातच सोवळ्यापासून होते. लक्ष्मीबाईंचे आजोबा वासुदेव भगवंत जोगळेकर यांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली. त्याचा धसका घेऊन वडिलांना सोवळ्याचे वेड लागले आणि सारे घर त्या वेडाखाली दबले. लक्ष्मीबाई या दडपणात वाढल्या. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि नवऱ्याजवळ परत आल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. मग एके दिवशी त्यांना प्रश्न पडतो की जाती देवाने केल्या की माणसाने. माणसाने केल्या, हे मनाला पटताच विटाळ संपतो. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी जात गेली, मग डोक्यावर पाणी पडले. दुसऱ्याला अस्पृश्य ठरवणाराही त्या नियमाचा कैदी असतो, हे मराठीत इतक्या साधेपणाने क्वचितच कुणी सांगितले असेल. बाईंना सापडलेली नवी ओळख आणि त्यांना मिळालेला विसावा अस्सल आहे. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण बाईंचे ओझे त्यांच्या स्वतःच्या हातात होते. त्यांनी ठरवले आणि खाली ठेवले. माझ्या आज्याचे ओझे गावाच्या हातात होते.

आज्याकडे येसकरपाळी होती. सरकारी टपाल पोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे, मयताचा सांगावा घेऊन परगावी जायचे, मेलेले ढोर ओढायचे. रात्र असो, पाऊस असो, बोलावणे आले की उठायचे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते याच गुलामीविरुद्ध. वतने कायद्याने गेली ती 1958 च्या कायद्याने. मधली तीस वर्षे आज्या ख्रिस्तीही होता आणि येसकरही होता. बाप्तिस्म्याने त्याची वेठ सुटली नाही. पण रविवारी तो जात नसे. मार खाल्ला, बलुते तुटले, तरी गेला नाही. आजी सांगायची, “आईतवारी तुझा आज्या सदरा घालून वट्ट्यावर नुसता बसायचा. कुनी हाक मारली तरी उठायचा न्हाई.”

हे नुसते बसणे म्हणजे माझ्या लेखी ख्रिस्ती विसाव्याचे पहिले दलित भाष्य आहे. आम्हाला रविवारच्या शाळेत दहा आज्ञा पाठ करायला लावल्या त्या निर्गमाच्या पुस्तकातल्या. तिथे शब्बाथाचे कारण सृष्टीच्या उत्पत्तीचे आहे, सहा दिवस देवाने काम केले म्हणून. त्याच आज्ञा अनुवादाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा येतात आणि तिथे कारण बदलते. तू मिसरात गुलाम होतास, हे ध्यानात ठेव, म्हणून तुझ्या दासदासींनाही विश्रांती मिळू दे. हे कारण आम्हाला कुणी पाठ करायला लावले नाही. आज्याला वाचता येत नव्हते, पण त्याने नेमके तेच जगून दाखवले. मत्तयाच्या अकराव्या अध्यायातला विसावाही लगेच जुवाची भाषा बोलतो. ज्यांच्या मानेवर कधी जू आले नाही, त्यांना ती उपमा वाटते.

येथे बाबासाहेबांचा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवरचे त्यांचे लेखन 1989 मध्ये त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे असे की, तुझे दुःख तुझ्या पापामुळे आहे, असे मिशनरी शिकवतात. मग तो माणूस समाज बदलायला उठेल कशाला? हा आक्षेप खरा आहे. माझ्या तरुणपणी एका पाळकांना मी जातीविषयी विचारले. ते म्हणाले, ख्रिस्तात जात नाही, तेव्हा तिचा उच्चारही करायचा नाही. त्याच मंडळीत महार ख्रिस्ती मांग ख्रिस्त्याला मुलगी देत नव्हता. आम्हीही दिली नाही, हे मी लपवणार नाही. चर्चने ज्याला खरी ओळख म्हटले, ती आमच्या बाबतीत पुष्कळदा मौनाची सवय होती.

शासनाने तेच मौन कायद्यात बसवले. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क हिंदूंपुरते ठेवले. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. आम्ही बाहेरच राहिलो. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूसाई खटल्यात पुरावा मागितला, की धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच तीव्र राहिला हे दाखवा. ज्यांना उच्चारही करू दिला नाही, त्यांच्याकडे पुरावा!

अरविंद निर्मल यांनी 1981 मध्ये बंगळूरला शूद्र धर्मशास्त्राची मांडणी केली, ती मला या कोंडीतली पहिली मोकळी वाट वाटते. त्यांनीही अनुवादाच्याच पुस्तकाकडे, सव्विसाव्या अध्यायाकडे बोट दाखवले. तिथला भक्त देवापुढे उभा राहतो तेव्हा आधी आपला बाप कोण होता, तो किती निराधार होता, हे सांगतो. भूतकाळ पुसून तो देवाकडे येत नाही. म्हणजे जात सोडण्यापूर्वी ती सांगावी लागते. लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे पानोपानी सांगितले, म्हणून त्यांचा विसावा वाचकाला पटतो. आमच्या बायांचा विसावा कुणाला ठाऊक नाही, कारण त्यांची वेठच कुणी लिहून घेतली नाही.

माझा चुलता 1956 साली नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. आज्या गेला नाही. त्या दोघांत वर्षभर बोलणे नव्हते. मग एका रविवारी चुलता येऊन ओट्यावर आज्याशेजारी बसला. धर्माचा विषय निघाला नाही, असे आजी सांगायची.

हे सारे आता मी लिहायला घेतले आहे. माझा धाकटा भाऊ म्हणतो, “दादा, लिहायचं तर लिही, पण जात वगळ. पोरीचं लग्न व्हायचंय अजून.”