प्रकटीकरण : पंचांग की पत्र?

आता मंडळी, बायबलच्या शेवटच्या पुस्तकाकडे, 'प्रकटीकरणा'कडे वळू. अशा ग्रंथांत पंचांग शोधायची आपल्याला खोड आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी बायबलातल्या भविष्यग्रंथांचे आकडे मोजून ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख धरली, २२ ऑक्टोबर १८४४. दिवस उजाडला नि मावळला. आमच्या मते चूक बेरजेत नव्हती, वाचण्यातच होती.

कारण प्रकटीकरण हे मुळात पत्र आहे. पात्मस बेटावरच्या योहानाने ते आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना लिहिलं. लावदिकियाच्या मंडळीला त्यात तारीख सांगितलेली नाही. श्रीमंतीत तुम्ही कोमट झालात, हे सुनावलं आहे. अठराव्या अध्यायात बाबेल कोसळते. बहुतेक अभ्यासक तिला रोम मानतात. तिच्यासाठी व्यापारी रडतात, आणि त्यांच्या मालाच्या यादीत सोनं पहिलं, गुलाम माणसं अगदी शेवटी! ही यादी वाचली, की आपल्या खरेदीमागे कोण राबतं, हे विचारावंच लागतं.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. या पुस्तकात रक्त फार, सूडाचा सूरही आहे. तो झाकू नये. पण पाचव्या अध्यायात सिंहाची वर्दी मिळते आणि योहानाला दिसतो वधलेला कोकरा. बाकीची चित्रं त्याच्या उजेडात वाचावीत, असं आम्हाला वाटतं. श्रद्धावंतानं वाट जरूर पाहावी. पण पाहता पाहता माणसाला त्या मालाच्या यादीतून बाहेर काढावं.