नादाची जाती आणि ध्वनिमुद्रणाचे दालन : अभिजात रॉक संगीतातील गिटारनादाची चिकित्सा

प्रास्ताविक

आपल्याकडील संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नादाचे तीन गुणधर्म सांगितलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. एकाच पट्टीतील, तेवढ्याच जोराचा षड्ज सतारीवर वाजला की व्हायोलिनवर, हे न पाहताही ओळखता येते ते जातीमुळे, असे स्पष्टीकरण विद्यार्थी पाठ करतात. या स्पष्टीकरणात एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, जाती ही वाद्याची मालमत्ता असून नाद ऐकताच त्याचे उगमस्थान कळते. १९६० व १९७० च्या दशकांतील ब्रिटिश व अमेरिकन रॉक संगीतात विद्युत गिटारचा जो नाद ऐकू येतो, तो या गृहीतकाला धक्का देतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा नाद गिटारमध्ये नव्हता आणि केवळ वादकाच्या बोटांतही नव्हता. तार, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, मायक्रोफोन, खोली आणि मिक्सर या साखळीत, ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो घडविला गेला. अमुक वादकाचा ‘टोन’ म्हणून गिटारचे मॉडेल व साल यांची जी भक्तिभावाने नोंद केली जाते, तिला समीक्षा म्हणता येणार नाही. ती केवळ यादी होय.

दोष आणि त्याचा स्वीकार

या नादाचा उगम शोधू गेल्यास आपण वारंवार बिघडलेल्या यंत्रापाशी येऊन थांबतो. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डोन्ट वरी’ या कंट्री गीताच्या नॅशव्हिल येथील ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारी बास गिटारचा आवाज मिक्सरच्या सदोष चॅनेलमधून गेला आणि घोगरा, फाटका होऊन बाहेर पडला. तो तसाच ठेवण्यात आला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे हाच बिघाड हुकमी निर्माण करणाऱ्या सर्किटची रचना केली व गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’साठी कीथ रिचर्ड्स यांनी हेच यंत्र वापरले, मात्र गिटारचा नवा नाद शोधणे हा त्यांचा हेतू नव्हता. पुढे ब्रास वाद्यांनी वाजवावयाच्या सुरावटीचा तो कच्चा आराखडा होता, आणि आराखडाच प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ओटिस रेडिंग यांनी गायिलेल्या आवृत्तीत ती सुरावट ब्रास वाद्यांवरच ऐकू येते. गायन म्हणून ती आवृत्ती उजवी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु तेथे ती सुरावट गायकाची साथ करते, तर स्टोन्सच्या गीतात ती गायकाशी हुज्जत घालते. स्वर तेच, बदलली ती केवळ जाती.

किंक्सच्या ‘यू रिअली गॉट मी’ (१९६४) या गीतात बिघाड मुद्दाम घडविलेला आहे. डेव्ह डेव्हिस यांनी एल्पिको या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला आणि त्यातून निघणारा आवाज व्हॉक्स एसी-३० या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. फाटक्या पडद्याची खरखर आणि क्षमतेपलीकडे ताणलेल्या यंत्राची विकृती, अशी ही दुहेरी प्रक्रिया आहे.

अशा विकृतीचे शास्त्र थोडक्यात असे : व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला पेलवणार नाही इतका विद्युत संकेत दिला की लहरीची टोके चेपली जातात. चेपलेल्या लहरीत मूळ नादाचे अनेक सहायक नाद नव्याने उत्पन्न होतात. शिवाय हळू व मोठ्या आवाजातील अंतर घटते, आणि एरवी झटकन विझणारी छेडलेली तार गजाने वाजविल्यासारखी लांबत राहते. दोन स्वर एकत्र चेपले गेल्यास त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नादही निर्माण होतात. षड्ज-पंचमाच्या जोडीत हे नवे नाद मूळ स्वरांच्या श्रेणीतच बसतात, तर मध्ये गंधार आल्यास गोंगाट माजतो. किंक्सच्या गीताची सुरावट केवळ षड्ज-पंचमाच्या जोड्यांवर उभी आहे, ती यामुळेच शोभते. नाद येथे रचनेवर चढविलेला रंग राहत नाही. कोणती रचना करता येईल, हे तोच ठरवितो.

भारतीय वाचकाला हे सर्वस्वी अपरिचित वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासून व तारेखाली सुताचा दोरा सरकवून मिरजेचे कारागीर जी जवारी काढतात, तीही तारेच्या निर्वेध कंपनात हेतुपुरस्सर अडथळा आणून सहायक नाद फुलविण्याची कला आहे. फरक इतकाच की जवारी वाद्याच्या अंगावरच राहते. रॉकमध्ये मात्र ती वाद्यापासून दूर सरकली.

आवाजाचे मोठेपण

ती किती दूर सरकली हे एरिक क्लॅप्टन यांच्या दोन ध्वनिमुद्रणांवरून कळते. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर डेक्काच्या स्टुडिओत वाजविताना त्यांनी मार्शल अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज रंगमंचावर असतो तेवढाच ठेवण्याचा व मायक्रोफोन दूर ठेवण्याचा आग्रह धरला. तत्कालीन शिस्तीत हे बसणारे नव्हते. त्या ध्वनिमुद्रणावरून ‘मोठा नाद म्हणजे मोठे यंत्र’ असा समज रूढ झाला. परंतु १९७० मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ‘लेला’ मुद्रित करताना क्लॅप्टन यांनी फेंडर चॅम्प हा जेमतेम पाच वॅटच्या आसपासचा, घरगुती सरावाचा अ‍ॅम्प्लिफायर वापरला. लहान यंत्र लवकर दमते, आणि हवी असते ती दमछाकच. तिचे आकारमान मायक्रोफोनला दिसत नाही. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतही जिमी पेज यांनी मुख्यतः टेलिकास्टर गिटार व सुप्रो हा छोटा अ‍ॅम्प्लिफायर वापरला होता. श्रोत्यांच्या मनात मात्र लेस पॉल गिटार आणि मार्शलची भिंत उभी राहते.

ही भव्यता प्रामुख्याने अंतरातून येते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्पीकरला चिकटून एक व सहा मीटरवर दुसरा मायक्रोफोन ठेवल्यास दुसऱ्याला तोच नाद सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागाइतक्या विलंबाने, भिंतींवरून परतलेल्या ध्वनीसह ऐकू येतो. दोन्ही मिसळले की कानाला खोलीचे आकारमान जाणवते, आणि ते यंत्राचे आहे असे आपण समजतो. पेज यांनी हे तंत्र जाणीवपूर्वक राबविले.

थेट मिक्सरमध्ये

बीटल्सच्या ‘रेव्होल्यूशन’मध्ये (१९६८) या साखळीतील मधले दुवेच गळून पडतात. लेनन यांना हवा असलेला खरखरीत नाद साधण्यासाठी ध्वनिमुद्रक जेफ इमेरिक यांनी गिटार थेट मिक्सरला जोडून एकामागोमाग दोन प्रीअ‍ॅम्प्लिफायर ताणले. गिटारच्या स्पीकरमधून साधारणतः ५,००० हर्ट्झच्या वरचे नाद फारसे बाहेर पडत नाहीत. तो एक प्रकारचा गाळणाच असतो. येथे तो नसल्याने विकृतीचे टोकदार नाद न गाळता थेट फितीवर उतरले. या गीताचा आरंभ अंगावर येतो त्याचे हे भौतिक कारण आहे. लेड झेपेलिनच्या ‘ब्लॅक डॉग’मध्ये (१९७१) ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी गिटार अशीच थेट घेतली, पण पुढे दोन कॉम्प्रेसरमधून नेऊन व एकावर एक तीन वेळा मुद्रित करून तिचा कर्कशपणा घट्ट, जड केला. ज्या नादाला आपण ‘अ‍ॅम्प्लिफायरचा नाद’ म्हणतो, त्याच्या या दोन प्रख्यात नमुन्यांत अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर नाहीतच.

श्रेयाचा प्रश्न

क्वीनचे ब्रायन मे यांची गिटार त्यांनी वडिलांसह घरीच बनविलेली, आणि त्यांचा एक अ‍ॅम्प्लिफायर जॉन डीकन यांनी टाकून दिलेल्या सर्किटपासून तयार केलेला. ‘गुड कंपनी’मध्ये (१९७५) एकेक पट्टी स्वतंत्रपणे मुद्रित करून मे यांनी गिटारवर अवघा जॅझ वाद्यवृंद उभा केला. आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरला नसल्याचा खुलासा या गटाला छापावा लागत असे. जातीवरून उगम ओळखता येत नाही, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

तथापि, श्रेयाची परिभाषा अद्याप पाठ्यपुस्तकातील व्याख्येपाशीच थांबली आहे. कायदा आणि समीक्षा दोन्ही स्वर व शब्द यांच्या कर्त्याला रचनाकार मानतात आणि नाद वादकाच्या खात्यावर जमा करतात. ‘रेव्होल्यूशन’च्या १९६८ च्या तबकडीवर रचनाकार म्हणून लेनन-मॅकार्टनी व निर्माता म्हणून जॉर्ज मार्टिन यांची नावे आहेत. ज्यांनी ते दोन प्रीअ‍ॅम्प्लिफायर जोडले, त्या इमेरिक यांचे नाव तीवर नाही.