टाळ्या वाजवून झाल्या, आता पुरावा विचारू

शिवी म्हणजे टीका नाही, हे आधी सांगतो. बाबासाहेब पुरंदरे 15 नोव्हेंबर 2021 ला वारले. सरकारी इतमामात त्यांना निरोप मिळाला आणि आपल्यातल्या पुष्कळांनी त्यांना दोन शिव्या घालून विषय संपवला. एवढ्यानं भागत नाही. अर्ध्या महाराष्ट्राला इतिहास कसा ऐकायचा ते या माणसानं शिकवलं. ते कसं जमवलं, हे आपण बघणार की नाही?

पुरंदरे 1922 सालचे. तरुणपणी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले, ग. ह. खऱ्यांसारख्या अभ्यासकाच्या सावलीत कागदपत्रं वाचू लागले. म्हणजे सुरुवात संशोधकाची. मग मंडळाचा जिना उतरून ते लोकात आले. 'राजा शिवछत्रपती' लिहिलं, ते घराघरात गेलं. व्याख्यानं तर हजारोंनी. 1985 मध्ये 'जाणता राजा' उभं केलं. हत्ती, घोडे, उंट, शेदोनशे कलावंत, आणि मैदान भरून माणसं. 2015 ला महाराष्ट्र भूषण, 2019 ला पद्मविभूषण.

इथं विद्यापीठातले पंडित नाक मुरडतात. म्हणतात, इतिहासकार होता तो बाजारात गेला. माझी ही तक्रार बिलकूल नाही. लोकात जाणं हा गुन्हा असेल तर पहिला गुन्हेगार आपला जोतीबा. 1869 साली त्यांनी शिवाजीराजांचा पवाडा रचला, तो काय विद्वानांच्या परिषदेसाठी? शेतकऱ्याच्या कानात जावा म्हणूनच पवाडा. दिवसाचे बारा तास मशीनवर उभा असलेला माणूस तळटिपा वाचत बसत नाही. त्याच्यापर्यंत इतिहास न्यायचा तर रंगवूनच न्यावा लागेल. ही कला पुरंदऱ्यांकडे होती, आणि ती आपण शिकायला पाह्यजे.

मग भांडण कशाचं? मी बोईसरला कापडाच्या गिरणीत पाळी करतो, घर गंजाडला. आमच्याकडे मागावरून ताका निघाला की तो थेट बाजारात जात नाही. एक माणूस तो उजेडावर धरतो, तुटला धागा कुठं, डाग कुठं, खूण करतो. पुरंदऱ्यांच्या इतिहासात हा उजेडच बंद. कागदातलं किती, बखरीतलं किती आणि लेखकाच्या मनातलं किती, हे ऐकणाऱ्याला समजत नाही. सगळं एकाच रंगात, एकाच भारलेल्या आवाजात. त्यामुळं श्रोता हात जोडतो, प्रश्न विचारायला हात वर करत नाही. इतिहासाचं कीर्तन होतं ते असं.

आणि कीर्तनात बुवा कोण, हे ठरलेलंच असतं. दादोजी कोंडदेव राजाचा गुरू, हे इतकी वर्षं लोकांनी पाठ केलं ते पुरावा तपासून थोडंच? ऐकून ऐकून. ज्यांनी रयतेच्या बाजूनं विचारलं, त्यांना उत्तर मिळायला काळ लागला. 2010 च्या डिसेंबरात पुणे महापालिकेनं लाल महालातला दादोजीचा पुतळा हलवला. 2015 ला पुरस्काराचा समारंभ विरोधामुळं राजभवनात उरकावा लागला. गोविंद पानसऱ्यांनी 1988 मध्ये 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिका काढली. ना हत्ती ना घोडे, तरी ती लाखावर हातात गेली. सोपं लिहूनही वाचणाऱ्याला विचार करायला लावता येतं, ते असं. त्या माणसाला 2015 साली गोळ्या घातल्या.

आता दोस्तहो, आपल्या अंगणात या. बाबासाहेब आंबेडकरांचं 1948 सालचं अस्पृश्यांवरचं पुस्तक काढा. प्रस्तावनेत ते उघड सांगतात की पुराव्याची साखळी तुटली तिथं मी तर्कानं दुवा जोडला आहे. केवढा प्रामाणिकपणा! वाचणाऱ्याच्या हातात हत्यार देऊन ते बोलतात. आणि आपले कितीतरी वक्ते जयंतीला काय करतात? 500 विरुद्ध 28000 अशी आरोळी ठोकतात, टाळ्या घेतात, उतरतात. कोरेगावात 1 जानेवारी 1818 ला कंपनीची फौज आठशेच्या आसपास होती, त्यात नाना जातीचे लोक होते, पेशव्याची सगळी फौजही लढाईत उतरली नव्हती. त्या स्तंभावर कंपनीच्या 49 मेलेल्यांची नावं आहेत, त्यातली 22 'नाक' शेवटाची, म्हणजे महारांची. ती 22 नावं एकेक करून वाचून दाखवा की! ती दगडात आहेत, कुणाचा बाप ती खोडू शकत नाही. आरोळी मात्र कुणीही एका कागदानिशी खोडेल, आणि मग आपण तोंडावर पडू. पुरंदऱ्यांना जाब विचारायचा तर आपलं माप तेच पाह्यजे.

पुरावा जाळून तर आणखीच नुकसान. 5 जानेवारी 2004 ला भांडारकर संस्थेत घुसून लोकांनी पोथ्या-कागद उधळले. ज्यातून आपलं खरं निघायचं, तेच फाडून कसं चालेल?

शेवटी आमच्या मुलखाची गोष्ट. 1954 ला दादरा-नगर हवेली मुक्त झाली, त्या लढ्यात पुरंदरे होते, सुधीर फडके होते. ते मी मानतो. पण हवेली तलासरीला लागून, आणि त्या लढ्यात लाल बावट्याचे वारलीही होते. त्याआधी 23 मे 1945 ला झरीच्या परिषदेत हजारो वारल्यांनी वेठबिगार करणार नाही म्हणून शपथ घेतली. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड पडला. गोदावरी परुळेकरांनी 1970 मध्ये 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं नसतं तर यातलं किती शहरापर्यंत पोचलं असतं? गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तांदळाच्या पिठानं आमची माणसं जगभर घेऊन गेले, 2011 ला पद्मश्री झाले. पण झरीवर महानाट्य कुणी केलं नाही.

ते आपण करू. पाड्यावर जे म्हातारे उरलेत त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेऊ, तारखा कागदाशी ताडून बघू, मग ढोल-तारप्यावर गाऊ. आणि गाऊन झालं की लोकांना म्हणू, आता विचारा काय विचारायचं ते.