हिस्लॉपचें चरित्र आणि नागपुरच्या शाळांचीं साधनें

स्टीफन हिस्लॉप हें नांव नागपुरांत आज एका कॉलेजाचें नांव म्हणून चालतें. माणूस म्हणून तें फारच थोड्यांस आठवतें. ज्यांस आठवतें त्यांच्या माहितीचा माग काढीत गेलें तर तो बहुधा एकाच पुस्तकापाशीं जाऊन थांबतो. तें पुस्तक म्हणजे जॉर्ज स्मिथ यानें लिहिलेलें व १८८८ सालीं लंडनास जॉन मरे यानें प्रसिद्ध केलेलें हिस्लॉपचें इंग्रजी चरित्र. मिशनऱ्यांनीं नागपुरांत दीनदुबळ्यांस विद्येचें दार उघडलें असें म्हणणारा या पुस्तकाचा आधार घेतो. शाळा हें निमित्त, बाटवणें हा हेतु, असें म्हणणाराही यांतलाच उतारा काढून दाखवितो. एकाच साक्षीदारास दोन्ही पक्षांनीं बोलवावें आणि त्याची उलटतपासणी मात्र कोणींच करूं नये, हें इतिहासाच्या अभ्यासकांस शोभणारें नाहीं. सबब सदर ग्रंथाची, केवळ साधन या दृष्टीनें, परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पुढील विवेचनास लागेल तेवढी हकीकत. हिस्लॉप हा बर्विकशायरांतील डन्स गांवचा, जन्म १८१७. स्कॉटलंडच्या चर्चमध्यें १८४३ सालीं फूट पडून फ्री चर्च निराळें झालें. त्या नव्या पंथातर्फे तो १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरला व १८४५ त नागपुरास आला. या मिशनसाठीं मूळ द्रव्य मद्रासी फौजेंतील कॅप्टन विल्यम हिल यानें दिलें आणि मुंबईच्या जॉन विल्सननें मध्यस्थी केली. १८४६ त शहरांत शाळा निघाली. त्या वेळीं नागपुरास तिसऱ्या रघूजी भोसल्यांचें राज्य होतें. रेसिडेंट सीताबर्डीस असे, इंग्रजी पलटणी कामठीस. म्हणजे शाळा मराठी राज्यांत, परंतु तिची भिस्त कंपनीच्या छावणीवर, असा हा दुहेरी संसार होता. १८५३ च्या डिसेंबरांत रघूजी निवर्तले, पुढच्या वर्षीं राज्य खालसा झालें, आणि १८६१ त मध्यप्रांत बनला. ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून परत येतांना हिस्लॉप ओढ्याच्या पुरांत सांपडून बुडाला. त्या वेळीं त्याचें वय अवघें पंचेचाळीस होतें.

आतां ग्रंथकर्त्याविषयीं. स्मिथ हा ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ पत्राचा एके काळचा संपादक. कॅरी, विल्सन, डफ या मिशनऱ्यांचींही चरित्रें त्यानेंच लिहिलीं. त्याचा हात सराईत आहे, भाषा जोरकस आहे. पण तो न्यायाधीश नव्हे, वकील आहे, आणि आपण वकील आहों हें तो लपवीतही नाहीं. पुस्तकाच्या नांवांतच त्याचा कल दिसतो. हिस्लॉपला तो ‘आद्य मिशनरी व सृष्टिशास्त्रज्ञ’ म्हणतो. ‘शिक्षक’ हा शब्द त्या नांवांत नाहीं. ज्या कामामुळें नागपुरकरांचा त्याच्याशीं रोजचा संबंध येई, तेंच काम शीर्षकाबाहेर राहिलें. स्कॉटलंडांतील वर्गणीदारास धर्मांतर हवें होतें, लंडनच्या विद्वानास जीवाश्म हवे होते. मराठी मुलांस अंकगणित कसें शिकविलें हें कोणास हवें होतें?

तथापि या ग्रंथाचा एक मोठा गुण आहे व तो मोकळेपणानें सांगितला पाहिजे. स्मिथ हिस्लॉपचीं पत्रें व रोजनिशींतील मजकूर भरपूर उतरून देतो. अभ्यासकानें काय करावें? स्मिथचें निवेदन एका बाजूस काढावें आणि हे उतारे, तारीखवार, दुसऱ्या बाजूस मांडावे. असें केलें कीं पुस्तकाचीं दोन पुस्तकें होतात: एक हिस्लॉपच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीं रचलेलें स्तुतिपर आख्यान, आणि एक समकालीन पत्रसंग्रह. राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली तिचा धडा हाच होता. नागपुरच्या वाचकांस आणखी जवळचें उदाहरण आहे. काशीराव राजेश्वर गुप्ते यानें भोसल्यांची बखर लिहिली ती रेसिडेंट जेंकिन्सच्या सांगण्यावरून. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीं. पण ती कोणास ऐकविण्यासाठीं लिहिली हें ध्यानांत ठेवूनच आपण ती वाचतों. स्मिथची बखर एडिंबरोस ऐकविण्यासाठीं लिहिली आहे, इतकाच फरक.

उताऱ्यांसही हीच चाळणी लावावी. मिशनरी घरीं जें पत्र लिही त्यांत पैशाची मागणी उघड वा आडून असेच. तेव्हां ज्या ठिकाणीं तो यश सांगतो तेथें सावध असावें, आणि ज्या ठिकाणीं तो अडचण, भांडण किंवा मुलांची गळती सांगतो तेथें त्यावर अधिक विश्वास ठेवावा. स्वतःच्या तोट्याची साक्ष कोणी फुकट देत नाहीं. शिवाय स्मिथच्या आधीं पंधरा वर्षें, १८७३ सालीं, रॉबर्ट हंटर यानें फ्री चर्चच्या मिशनांचा इतिहास छापला आहे. हा हंटर म्हणजे १८४७ पासून १८५५ पर्यंत नागपुरांत हिस्लॉपच्या खांद्याला खांदा लावून राबलेला सोबती, भूगर्भविषयक निबंधांत त्याचा सहलेखक, आणि पुढें कोशकार म्हणून गाजलेला. त्या आठ वर्षांपुरता तो प्रत्यक्ष साक्षीदार आहे. असें असतां आमचे लेखक स्मिथ उघडतात आणि हंटर कपाटांत ठेवतात. स्मिथ वाचायला गोड आहे, याखेरीज याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

बाबा पांडुरंग प्रकरण हें या चाळणीचें उत्तम उदाहरण होय. (हा बाबा पांडुरंग व ‘यमुनापर्यटना’चे कर्ते बाबा पदमनजी हे भिन्न आहेत, नामसाम्यानें घोटाळा करूं नये.) भोसल्यांचें राज्य असतांना हा तरुण ख्रिस्ती होण्याच्या इच्छेनें मिशनच्या आश्रयास आला. राजाकडून त्याची मागणी झाली. रेसिडेंटानें १८२६ च्या तहाकडे बोट दाखवून त्यास राजाच्या हवालीं केलें. राजानें कैदेंत टाकलें. हिस्लॉपनें वरपर्यंत दाद मागितली. पुढें तो सुटला. स्मिथच्या हातीं ही धर्मवीराची कथा होते, आणि राजा जुलमी ठरतो. पण प्रकरणाचा गाभा पाहिला तर प्रश्न निराळाच निघतो. राजाच्या रयतेवर अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न. तहाप्रमाणें राजाच्या प्रजेशीं कंपनीचा संबंध नाहीं असें असतां कंपनीच्या छत्राखालीं राहणारा पाद्री त्या प्रजेंतील एकास ठेवून घेतो, आणि आश्चर्य हें कीं येथें राजा व रेसिडेंट एका बाजूस आहेत, पाद्री दुसऱ्या. ‘मिशनरी म्हणजे सरकारचा हस्तक’ हें सरसकट विधान करणाऱ्यांनीं हें प्रकरण पुन्हां वाचावें. आणि ‘केवळ धर्मस्वातंत्र्याचा लढा’ म्हणणाऱ्यांनीं त्या मुलाच्या घरच्यांचाही विचार करावा. मुलगा शाळेंत घातला तो अक्षरासाठीं. तो घर सोडून जातो तेव्हां आईबापांस काय वाटलें असेल, याची वार्ता इंग्रजी पुस्तकांत केवळ ‘विरोध’ या एका शब्दांत संपते. त्या मुलाचें स्वतःचें बोलणेंही आपणांस इंग्रजींतूनच ऐकावें लागतें.

येथें तुलना सुचते. स्मिथचें पुस्तक निघालें त्याच दशकांत बाबा पदमनजींनीं ‘अरुणोदय’ हें आपलें आत्मचरित्र मराठींत प्रसिद्ध केलें. मुंबईच्या फ्री चर्चच्या शाळेंत शिकलेला विद्यार्थी स्वतः, स्वभाषेंत, आपली हकीकत सांगतो. त्यांतील धर्ममतें कोणास पटोत न पटोत. साधन म्हणून त्याची किंमत स्मिथच्या दहा प्रकरणांहून अधिक आहे. नागपुरच्या शाळेला असा पदमनजी लाभला नाहीं.

आतां मुख्य वाद. या शाळेनें दुर्बळांस विद्या दिली काय? हिस्लॉपच्या हयातीपुरतें आमचें उत्तर असें आहे कीं, तो तिचा प्रथम उद्देश नव्हता. स्कॉटिश मिशनांनीं डफच्या कलकत्त्यांतील पद्धतीचा कित्ता गिरविला होता. वरच्या जातींच्या मुलांस इंग्रजीच्या द्वारें उच्च शिक्षण द्यावें व तें खालीं झिरपेल अशी वाट पाहावी, ही ती पद्धत. झिरपणें फार सावकाश झालें. पण दोष देतांना त्या काळचें इतर ठिकाणचें मापही घेतलें पाहिजे. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला, तो त्यास मिळाला नाहीं. सरकारनें लोकमताकडे पाहून हात आंखडला. पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं महारमांगांसाठीं शाळा काढल्या, आणि त्यांतील मुक्ता नांवाच्या मांग मुलीनें लिहिलेला निबंध १८५५ त छापला तो अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदया’नें. म्हणजे शाळा फुल्यांची, कागद मिशनचा. मिशनांनीं सर्वांस शिकविलें नाहीं हें खरें. पण त्यांच्या छापखान्यामुळें जो आवाज टिकला तो दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत टिकला नसता, हेंही तितकेंच खरें.

हिस्लॉपलाही दुसऱ्याचा आवाज जसाच्या तसा टिपण्याची कला साधली होती, याचा पुरावा त्याच्या मृत्यूनंतर सर रिचर्ड टेंपलनें १८६६ सालीं नागपुरांत छापलेल्या त्याच्या टिपणांत आहे. त्यांतील लिंगोचें गोंडी गीत, मूळ शब्दांसह, परधानाच्या मुखांतून उतरलेलें आहे. गोंडांच्या उत्पत्तीची ही कथा इतकी मोलाची ठरली कीं पांच वर्षांत फॉरसाइथ या अधिकाऱ्यानें तिचा इंग्रजी पद्यावतार करून टाकला. (तो न केला असता तरी चाललें असतें.) परंतु मुखपृष्ठावर नांवें दोन, हिस्लॉपचें व टेंपलचें, गाणाऱ्याचें नाहीं. अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या परधानाचें गीत शब्दशः, आणि शाळेंत शिकलेल्या मराठी मुलाचें म्हणणें भाषांतरांत! संग्राहक म्हणून हिस्लॉप शिक्षक हिस्लॉपाहून काकणभर सरस होता, असें आम्हांस वाटतें.

झिरपणें शेवटीं झालें तें निराळ्याच वाटेनें. १८८३ सालीं हिस्लॉपच्या नांवें कॉलेज निघालें. पण नागपुरच्या अस्पृश्य वस्त्यांत शाळा उभ्या राहिल्या त्या वस्त्यांतल्याच माणसांनीं काढल्या, आणि त्यांस नांव दिलें मंगळवेढ्याच्या चोखोबाचें. मोहपा गांवचे किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनीं १९०७ सालीं पांचपावलींत चोखामेळा कन्याशाळा काढली. उमरेडच्या जाईबाई चौधरी यांनीं १९२२ सालीं याच संताच्या नांवें दुसरी कन्याशाळा काढली. नांवाच्या सारखेपणानें या दोहोंची एक शाळा करण्याची चूक सहज होते. सालें व वस्त्या पाहून ती टाळावी.

जाईबाईंची हकीकत उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथांत आली आहे. ओझीं वाहणाऱ्या या बाईस वाचतां येतें हें ग्रेगरी नांवाच्या मिशनरी बाईंच्या ध्यानांत आलें, व त्यांनीं दरमहा चार रुपयांवर तिला मिशनच्या शाळेंत शिक्षिका नेमिलें. अस्पृश्य बाई शिकविते असें कळतांच स्पृश्य पालकांनीं मुलें काढून घेतलीं आणि नोकरी गेली. मग तिनें स्वतःची शाळा काढली. या चार ओळींत मिशनचें दातृत्व व मिशनची मर्यादा दोन्ही आहेत. स्मिथच्या साऱ्या ग्रंथांत इतकें नेमकें सांगणारें एकही पान नाहीं.

आमच्या वर्गांतील कांहीं जुने संग्राहक असल्या ग्रंथांकडे ‘तोंडी माहिती’ म्हणून नाक मुरडतात. आमचें त्यांस विचारणें आहे: पंचवीस वर्षांनीं लिहिणारा, हिस्लॉपच्या पंथाचा अभिमानी असलेला स्मिथ प्रमाण, आणि ज्यांनीं भोगलें त्यांच्या व त्यांच्या घरच्यांच्या मुखांतून ऐकून लिहिणाऱ्या या दोघी अप्रमाण, हा न्याय कोठला? कागदाची जात पाहून त्याचें मोल ठरवूं नये. दोन्हींस एकच चाळणी लावावी. दोन्हींत जें टिकेल तें घ्यावें.

कागद मात्र थांबत नाहींत. बनसोड्यांनीं स्वतःचा छापखाना घालून पत्रें चालविलीं: ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’. हे हलक्या कागदावर छापलेले अल्पायुषी अंक आहेत. मोडी रुमालाइतकें त्यांचें आयुष्य नाहीं. त्यांस दुसराही एक धोका आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर आणि विशेषतः १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास झालेल्या धर्मदीक्षेनंतर ज्या समाजानें या शाळा उभारल्या त्याची श्रद्धाच पालटली. चोखोबाचें नांव मागें पडलें. नव्या श्रद्धेच्या माणसास जुन्या नांवाचा कागद जपण्याची निकड कमी वाटावी, आणि जुन्या श्रद्धेच्या माणसानें तो आपला मानूं नये, हें स्वाभाविक आहे. अशा दोन घरांच्या पाहुण्याचा उपवास घडतो. मिशनच्या पत्रांस एडिंबरोंत कपाट मिळालें. पांचपावलीच्या हजेरीपत्रकास कपाट कोणतें?

ज्यांच्या संग्रहीं वर सांगितलेल्या चार पत्रांचे सुटे अंक, चोखामेळा शाळांचीं हजेरीपत्रकें, वर्गणीच्या पावत्या, मुलींच्या पाट्यावह्यांचीं पानें, किंवा भोसल्यांच्या दप्तरांतील बाबा पांडुरंग प्रकरणीं मोडी कागद असतील, त्यांनीं ते विकण्याची वा देण्याची तजवीज करण्यापूर्वीं नक्कल करूं द्यावी. फाटका अंक, नांवतारखेचें पान गेलेला असला तरी, चालेल.